गाडीचं दावं

मी आयुष्यात शिव्या पुष्कळ खाल्ल्या आणि त्याहून जास्त दिल्या. बाजारात वाढलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. शिवी दिली-घेतली की मन मोकळं होतं आणि दोघं मिळून चहा पितात. पण एक शिवी माझ्या हक्काची होती आणि ती मला मिळाली नाही. घाटनांदूरच्या एका कापड दुकानदाराकडून ती यायची होती. त्यानं ती का दिली नाही, हे मला अजून उमगलेलं नाही. माझ्या जुन्या गाड्या बघायला आता लांबून माणसं येतात, फोटो काढतात, हा नाद कसा लागला म्हणून विचारतात. मी काहीतरी ठोकून देतो. खरं सांगायचं तर त्या दुकानदाराचं सांगावं लागेल, आणि ते सांगताना माझं डोकं अजून तापतं.

आमचं घर मेंढरांचं. वडवणीकडच्या माळावर बापानं जन्म काढला. मी मेंढरं सोडून गुरांच्या बाजारात शिरलो आणि दलाल झालो. आमच्याकडे त्याला हेड्या म्हणतात. बैलाच्या दातावरून वय, चालीवरून खोड आणि मालकाच्या तोंडावरून त्याची नड ओळखायला मी लवकर शिकलो. पुढे ट्रॅक्टर वाढले, बैल घटले, तेव्हा मी बीडला रस्त्याच्या कडेला जागा धरली आणि जुन्या गाड्या तोडायचा धंदा सुरू केला.

ती वर्षंच तशी होती. देशानं दारं उघडली म्हणून रोज पेपरात यायचं. आम्हाला त्यातलं एवढंच कळत होतं की डॉक्टर, वकील, कंत्राटदार, ज्याला त्याला हप्त्यावर नवी छोटी गाडी मिळते आहे आणि दारातली जुनी गाडी त्याला डोळ्यांसमोर नको झाली आहे. मी ती घ्यायचो. पत्रा भंगारात जायचा. आस आणि चाकं टायरगाड्यांना लागायची. आष्टीकडचे ऊसतोडीवाले दसऱ्याच्या आधी माझ्याकडे रांग लावत. कुणाच्या आजोबाची ऐटीत फिरलेली मोटार पुढच्या हंगामात बैलांमागं ऊस ओढत असे. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आत्ताही वाटत नाही, निदान मला तसं वाटतं.

घाटनांदूरच्या एका दुकानामागं निजामाच्या वेळची विलायती मोटार उभी आहे, असं कुणीतरी सांगितलं. मी गेलो. दुकानाचे मालक म्हणजे आप्पा, सत्तरीचे, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. बोलणं इतकं हळू की गिऱ्हाईकाला पुढं वाकावं लागे. त्यांचे दोन मुलगे दुकान बघत. मागच्या शेडमध्ये गाडी होती. तिच्यावर मांजरपाटाची खोळ शिवून घातलेली, अगदी अंगाबरोबर, जशी पेटीवर शिवतात. थोरल्यानं खोळ काढली. काळी गाडी. पुढचे मडगार्ड घोड्याच्या मानेसारखे वळलेले. दोन दारांच्या मधल्या खांबातून वळताना बाहेर येणारा बाणासारखा दिवा. निजामी गेल्यावर हैदराबादेला निघालेल्या एका जहागीरदाराकडून आप्पांच्या वडिलांनी ती घेतली होती.

मुलग्यांना शेडची जागा रेडिमेड कपड्यांसाठी हवी होती. त्यांची नड मला उंबऱ्यातच कळली. मी ऐब काढायला लागलो.

"आप्पा, पत्र्याला गंज हाय."

"हाय," आप्पा म्हणाले.

"टायर फाटलेत."

"फाटलेत."

"सेल्फ मेलेला दिसतोय."

"कवाच मेला."

"कागद उर्दूतले. ते कोण वाचणार?"

"कुणी वाचणार न्हाई."

मालक एकेक ऐब कबूल करायला लागला की हेड्याची पंचाईत होते. त्यानं भांडावं, तुझ्या बापानं पाहिली होती का अशी गाडी म्हणावं, म्हणजे आपल्याला चढता येतं. इथे मी एकटाच कुस्ती खेळत होतो. शेवटी मी ठेवणीतलं काढलं.

"दात गेलेलं जनावर हाय, आप्पा. मोटारीचा भाव मिळायचा न्हाई. जनावराच्या रीतीनं करायचं असंल तर बोला."

"जनावराच्या रीतीनं?"

"हां."

"समद्या रीतीनं?"

"बाजारात वाढलोय, आप्पा. रीत मला शिकवू नका."

मुलग्यांना भाव कळू नये म्हणून आम्ही टॉवेलाखाली हात घेतले, बाजारात घेतात तसे. मी बोटं दाबली. वाटलं, हात झटकतील. म्हाताऱ्यानं माझी बोटं तशीच धरून ठेवली आणि मान हलवली. एका चांगल्या बैलजोडीपेक्षा कमी भावात गाडी माझी झाली. मला आनंद झाला आणि लगेच चुकल्यासारखंही वाटलं.

मग आप्पा उठले. गाडीच्या मागच्या पेटीतून त्यांनी लोखंडी हँडल काढलं. पुढच्या भोकातून आत घालून, फिरवून गाडी चालू करायचं ते हँडल. दोन ठिकाणी वाकवलेलं, मुठीच्या जागी हातानं घासून चकचकीत झालेलं. धोतरानं पुसलं आणि दुकानात गल्ल्यामागच्या खिळ्याला अडकवलं.

"ते राहिलं की, आप्पा."

"दावं हाय ते."

"कसलं दावं?"

"जनावराच्या रीतीनं घेतलीस न्हवं? मग दावं मालकाच्या घरी राहतंय. म्हंजी इकलेल्या जनावरासंगं घरची लक्ष्मी जात न्हाई. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. रीत शिकवू नका म्हणलास, म्हणून आधी बोललो न्हाई."

मुलगे हसले. मीही हसलो. तोडायच्या गाडीला हँडल कशाला? ट्रॅक्टरला बांधून गाडी बीडला आणली.

माझ्याकडे तोडकाम करणारा मिस्त्री आष्टीचा होता. म्हातारा, अर्धा बहिरा. कान लावण्याऐवजी इंजिनावर हात ठेवून ऐकायचा. त्यानं गॅसची नळी हातात घेतली, बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि नळी खाली ठेवली.

"मालक, ही मी तोडणार न्हाई."

"कावून बे?"

"हिच्यात एक बी जोड न्हाई. तार तीच, नट तेच, सीटचं चामडं तेच. जशी आली तशी हाय. अख्खी."

"मग काय झालं? अख्खं कापत न्हाईत का?"

"तुमी दुसरा बघा."

मी त्याला बोलू नये ते बोललो. त्याला त्यातलं निम्मंच ऐकू आलं असावं. गावात दुसरे दोन तोडणारे होते, एक तर समोरच्याच पत्र्याच्या शेडमध्ये. मी त्याला हाक मारली नाही. का नाही मारली, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं आहे. एवढंच आठवतं की त्या दुपारी मी गाडीत मागच्या सीटवर बसलो आणि मिस्त्रीचा तो शब्द डोक्यात राहिला. आमच्या घरात अख्खी वस्तू कधी आली नव्हती. सायकल आली ती एका पॅडलची. घड्याळ आलं ते मिनिटकाट्याशिवाय. माझ्या बापानं दुसऱ्याचे जुने बूट घातले, ते दोन वेगळ्या जोडांचे. मी स्वतः पैसा कमावला तरी वस्तू घेताना मोडकीच घेत होतो, कारण मोडक्यात घासाघीस करता येते.

बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की हीसुद्धा अख्खी नाही. हिचं हँडल खिळ्याला आहे.

पुढची दीड-दोन वर्षं मी आणि मिस्त्री त्या गाडीमागं वेडे झालो. दुसरा धंदा चालूच होता, पण दुपारी आम्ही हिच्याजवळ. हैदराबादेच्या जुन्या बाजारातून बुचाची गॅसकेटं आणली. सुताच्या वेष्टणाची तार मिळेना, तर साधी तार घेऊन मिस्त्रीच्या बायकोनं तिच्यावर सूत गुंडाळलं. चामड्याला एरंडेल पाजलं. रंग काढला नाही. मिस्त्री म्हणे, चेहरा धुवायचा, सोलायचा नाही. बाणाचा दिवा दुरुस्त झाला तेव्हा आम्ही दोघं बटण दाबून तो बाहेर काढत आणि आत घेत अर्धा तास बसलो होतो. दोन मोठी माणसं. तेवढ्यात बायको डबा घेऊन आली, बघून डबा तिथंच ठेवून परत गेली.

इंजिन तयार झालं. सेल्फ मात्र कशानं उठेना. त्याचा भाग देशात कुठं मिळेना. मिस्त्रीनं जीपच्या रॉडचं हँडल बनवलं. आतल्या नटाला धरणारी पिन दोनदा बदलली. अर्धा फेरा धरायचं आणि सटकायचं.

"ह्याचा घास येगळा हाय," मिस्त्री म्हणाला. "तिचंच पाहिजे."

रस्त्यावर चार जण गोळा करून ढकलली की ती चालू होई. ढकलून चालू होणाऱ्या गाडीला मी अख्खी म्हणणार नव्हतो.

मी घाटनांदूरला गेलो. आप्पांनी चहा मागवला. मी गाडीसाठी दिला होता त्याच्या निम्मा भाव एका हँडलाला सांगितला. ते म्हणाले, "न्हाई." पुढच्या महिन्यात गेलो, गाडीचा पुरा भाव सांगितला. न्हाई. तिसऱ्या वेळी म्हणालो, रंगीत टीव्ही आणून देतो.

"टीव्ही हाय की. पोरांनी केबल बी घेतलीय. बघायला येळ कुणाला हाय?"

"आप्पा, एवढ्या लोखंडाचं तुमी करता काय?"

"काही न्हाई. खिळ्याला असतंय."

"मग द्या की!"

"तू किती बैल इकलेस रे आजवर?"

"हजार असतील."

"दाव्याचा भाव कधी केलास?"

"न्हाई केला कधी."

"कावून न्हाई केलास?"

"त्याला भाव नसतो," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

"मग माझ्याकडं कशाचा भाव करतोस?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मी उभा राहिलो आणि म्हणालो की कापड मोजताना गज चोरून तुमच्या सात पिढ्या जगल्या आणि आता मला रीत सांगता. एक बाई हातातलं लुगडं तसंच टाकून निघून गेली. आप्पांनी कपबशी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "चहा निवतोय."

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अवो, लगीन लागलं, पर सासऱ्यानं नांदायला धाडली न्हाई म्हणा की! मग घाला हेलपाटे." महिनाभर घरात तेच चाललं. मी बाहेर निघालो की विचारायची, सासुरवाडीला का?

शेवटी मला आप्पांचा धाकटा मुलगा बीडला भेटला. दुकानाचा माल न्यायला आला होता. तोच बापावर वैतागलेला.

"काका, रोज आंघोळ झाली की त्या लोखंडाला विभूती लावतेत. पोळ्याला हळद-कुंकू. गिऱ्हाईक इचारतं, हा कंचा देव? मला शरम वाटती."

हेड्याचं डोकं तिथं चाललं. म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून, तेल लावून तरणा म्हणून विकणारी माणसं मी पाहिली होती. एकदोनदा तसं केलंही होतं. मिस्त्रीनं बनवलेलं हँडल आम्ही मिठाच्या पाण्यात भिजवलं, गंज आणला, जळक्या तेलानं पुसलं, मूठ वाळूनं घासून चकचकीत केली. मिस्त्रीला मी खरं कारण सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही. एका सोमवारी आप्पा परळीला देवदर्शनाला गेले तेव्हा माझ्या सांगण्यावरून धाकट्यानं खिळ्यावरचं खरं हँडल काढलं, माझं अडकवलं आणि त्याला विभूतीही लावून ठेवली.

खरं हँडल आत गेलं आणि पहिल्या फेऱ्यात इंजिन बोललं. मिस्त्रीनं बॉनेटवर हात ठेवला आणि डोळे मिटले. मी गावातून चार चकरा मारल्या. लोक दुकानातून बाहेर आले. अख्खी गाडी, माझी. मी स्वतःला तसं दोन-तीनदा सांगितलं, मोठ्यानं, गाडीत कुणी नसताना.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, आप्पा माझ्या आवारात आले. एकटे, हातात पिशवी.

"डोळ्याच्या डॉक्टरकडं आलतो," ते म्हणाले. "मोतीबिंदू काढलाय, दाखवायला बोलावलं होतं. आता समदं लख्ख दिसतंय रे. चार वर्षं अंधारात काढली. म्हणलं, गाडी बघून जावं."

गाडी समोरच उभी होती आणि हँडल पुढच्या भोकात घातलेलंच होतं, नेहमी तसंच असायचं. आप्पांनी गाडीभोवती एक फेरी मारली. चामड्याला हात लावला. बाणाचा दिवा बघून म्हणाले, "हे बी चालू केलंस?" मग पुढं येऊन थांबले.

"कर चालू."

मी हँडल धरलं. दोनदा फिरवलं, इंजिन धरेना. आप्पांनी मला बाजूला केलं, हँडल बाहेर ओढलं आणि दोन्ही हातांत घेतलं. मुठीवरून अंगठा फिरवला. वाकवलेल्या जागी थांबून परत फिरवला. मी वाट बघत होतो. आता बोलतील. काय उत्तर द्यायचं ते मी ठरवून टाकलं होतं: तुमच्या पोरानंच दिलं, त्याला विचारा. नाहीतर: बाजारात गाफील राहणाऱ्याचीच चूक. नाहीतर पायच धरायचे. तीनही उत्तरं एकदमच तयार होती आणि मला त्यातलं कुठलं खरं ते कळत नव्हतं.

"हे धर," ते म्हणाले. "अंगठा मुठीखाली घालू नगं, बोटांच्याच बाजूला ठेव. उलटी मारली तर मनगट जाईल. आन् ढकलू नगं, खालून वर ओढ."

मी ओढलं. इंजिन चालू झालं.

"स्टँडवर सोडतोस का? अंबाजोगाईची बस हाय."

ते माझ्या शेजारी बसले. स्टँडपर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा. रेडिमेडनं धंदा मारला, कापड घेऊन शिवणारं कुणी राहिलं नाही, थोरला दुकान अंबाजोगाईला हलवायचं म्हणतोय, असं ते बोलत राहिले. मी एक शब्द ऐकत होतो आणि दुसऱ्याची वाट बघत होतो. स्टँडबाहेर गाडी उभी केली, पुन्हा हँडल मारायची पाळी नको म्हणून चालूच ठेवली आणि त्यांच्यामागं आत गेलो. बस लागलेली होती. त्यांना खिडकीची जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन ते नीट बसले.

मी खिडकीखाली उभा राहिलो.

"आप्पा, काय बोलायचं असंल ते बोला."

"काय बोलायचं?"

"जे असंल ते."

"काही न्हाई की. ये कधी चहाला."

कंडक्टरनं घंटी मारली आणि माझा तोल गेला. मी खिडकीच्या गजाला धरून ओरडलो, "दावं मी नेलंय! तुमच्या खिळ्याला हाय ते खोटंय! गंज लावलेलं! तुमी सहा महिने खोट्याला विभूती लावताय!"

सगळी बस वळून बघायला लागली. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. राग होता का? मी माणसाचा चेहरा वाचून पोट भरलं आहे आणि त्या चेहऱ्यावर मला काही वाचता आलं नाही.

"ओरडतोस कावून?" ते म्हणाले. "गाडी बंद केलीस का? पेट्रोल जळत असंल."

बस निघून गेली. पुढं चहाला मी गेलो नाही. धाकटा एकदा भेटला, म्हणाला, आप्पा अजून रोज खिळ्यावरच्या त्याच लोखंडाला विभूती लावतात. हँडल बदललंय हे आप्पांना आधीच कळलं होतं का, हे त्याला ठाऊक नाही. बसस्टँडवरचं त्याला ठाऊकच नव्हतं. म्हणजे त्यांनी घरी सांगितलं नाही. तेही का, कोण जाणे.

त्या दिवशी मी बाहेर आलो तेव्हा गाडी चालूच होती आणि तिच्याभोवती दहा-बारा माणसं जमली होती. चांगल्या कपड्यांतला एकजण पुढं आला, बॉनेटवर हात ठेवून अदबीनं म्हणाला, "शेठ, विकायची का?"

मी त्याला अशा शिव्या दिल्या की तो बिचारा रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.